मामांकडचा हट्टी पाहुणा

आमच्या थोरल्या मामांच्या घरून उपाशी गेलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. पोट धरून गेलेले मात्र गावोगाव भेटतील. अमडापूरला त्यांच्या दारावरून नुसतं जाणंसुद्धा धोक्याचं होतं. पाहुणा दिसला की मामा आधी त्याची पिशवी उचलून धान्याच्या कोठीमागे लपवत आणि मग विचारत, "जेवून जाता ना?" ताटावर हात आडवा धरला तर तूप हातावर पडे, आणि ते वाया जाऊ नये म्हणून माणसाला आणखी एक पोळी घ्यावी लागे. एकदा पिकं पाहायला आलेले तलाठी पुरणपोळीनंतर जे लिंबाखाली आडवे झाले, ते शेवटची एसटी गेल्यावरच उठले. रागावले बिचारे. मामांनी त्यांची समजूत काढली, ती पुन्हा पाटावर बसवून. बरं, पाहुण्याला एकट्यानं जेवताना संकोच वाटू नये म्हणून मामा प्रत्येकासोबत जेवायला बसत, आणि पाहुणे दिवसाला चार.

अशा माणसाच्या पोटात एक दिवस कळ उठली, ती पाठीपर्यंत गेली. ओवा झाला, हिंग झाला, गरम विटेचा शेक झाला, धाड गावच्या बाजारातून कुणी मुळी आणली तीही उगाळून झाली. मामांना उताणं झोपवेना की बसवेना. शेवटी बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, आता तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सलाइन आणि दुखणं थांबवायची इंजेक्शनं, एवढ्यावर मामांनी आठवडा काढला. मामी पदर तोंडाला लावून बसून असायची. एवढा आडदांड माणूस घोटभर पाण्यासाठी डोळ्यांनी विनवण्या करी, ते मलाही बघवेना. पण जरा उतार पडताच आमचे मामा भेटायला आलेल्यांना समजावू लागले, "हा पह्यलाच पाहुणा असा पाह्यला बुवा, जेवू घातलं का मुक्काम करते, अन् उपाशी ठेवलं का जाते."

तेव्हापासून मामा दुखण्याला पाहुणाच म्हणू लागले. तूप, तेल, तळण सगळं बंद. भाताची पेज, उकडलेली भाजी, लोणी काढलेलं ताक, तेही थोडं थोडं करून पाच वेळा. पाहुण्याची चाहूल लागली की मामा गोळी घेत, मांडी घालून बसत, पोटाशी लोड धरत आणि कपाळ टेकेपर्यंत पुढे वाकत. तसं वाकलं की कळ जरा सैल पडे. घरच्या कापसाचा तो लोड मग पारावर, शेतावर, कीर्तनाला, सगळीकडे त्यांच्यासोबत निघाला. एसटीत कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं, तर मामा म्हणाले की हे औषध आहे, चिठ्ठी दाखवू का?

मी तेव्हा चिखलीला मास्तर होतो आणि दर रविवारी मामांकडे असायचो. मला समोर बसवून मामी पुरणपोळी वाढायची आणि मामा पेजेची वाटी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. "तू खाय, मले सांग." मी छान आहे म्हटलं की भडकत. छान म्हणजे काय? तुपाला कणी आहे का, जायफळ जास्त झालं का, पोळीची कड कच्ची आहे का? शाळा तपासनिसाला मी इतका कधी घाबरलो नाही.

पुढे सुमनचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, देऊळगाव राजाला जमलं. मामांनी एक गोष्ट सगळ्यांना बजावली, दुखण्याचं नाव काढायचं नाही. घरात रोग आहे म्हणून स्थळ फिरलं असतं तर त्यांना ते जन्मभर खात राहिलं असतं. लोड आतल्या खोलीत गेला. लग्न लागलं, व्याह्यांची पंगत बसली. आमच्याकडे व्याही व्याह्याला आग्रहानं घास भरवतो, आणि नाही म्हणणं म्हणजे अपमान. नशीब बघा, हे व्याही निघाले मामांच्याच जातकुळीचे. मामांनी ताटावर हात आडवा धरला. व्याह्यांनी तूप हातावर ओतलं.

मामांनी त्या हाताकडे क्षणभर पाहिलं, मग एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. "तूप चांगलं हाय, मास्तर," ते हळूच म्हणाले.

तासाभरानं पोरीची पाठवणी. व्याह्यांसमोर हात जोडता जोडता मामा पोट दाबून वाकले ते वाकलेच. मुलीचा बाप पाया पडतो आहे असं वाटून व्याही ओशाळले आणि त्यांच्याहून खाली वाकले. दोघांतलं कुणी उठेना. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नवरी मात्र गाडीतून उतरली, तरातरा घरात गेली आणि मुंडावळ्यांसकट लोड घेऊन बाहेर आली. बापाला मांडी घालून बसवलं, लोड पोटाशी दिला आणि सासऱ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या बाबाले तूप चालत नाही. दुखते. तुमाले सांगाची लाज वाटली त्याईले."

व्याह्यांनी शेजारी बसून मामांच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, मग सांगायचं ना. मी काय पोरीच्या बापाला मारायला आलो होतो का?" आणि वरातीची गाडी आधी बुलढाण्याच्या दवाखान्याकडे वळली.

मामा त्यातून उठले. पुढे बरीच वर्षं व्याही यायचे, पेज प्यायचे आणि दोघं मिळून माझ्या ताटाकडे बघत बसायचे. आता दोघेही नाहीत. पण अजून कुठं पंगतीला बसलो की माझे ओठ हलतात. तुपाला कणी आहे, मामा. जायफळ जरा जास्त झालं. बायको कोपरानं ढोसते, कुणाशी बोलता म्हणून. तोवर वाढपी तुपाचं भांडं घेऊन समोर येतो. पोट भरलेलं असतं, तरी मी हात आडवा धरत नाही.