शैलजाने सिंक लख्ख केलं

शैलजाच्या माहेरी विचारा नाहीतर सासरी, सगळे हेच सांगतील की बाई गुणाची, पण दुसऱ्याचं चांगलं दिसलं की हिच्या पोटात कळ आलीच. वाईला असताना शेजारणीच्या अबोलीला फुलं फार येतात म्हणून हिने आपला बहरलेला मोगरा उपटला आणि तिथे अबोली लावली. अबोली काही जगली नाही, मोगराही गेला. अशी ही बाई नवऱ्यामागे जपानात सेंदाईला गेली, आणि तिथे तिला भेटल्या कुदो-सान.

नवरा हेमचंद्र तिथल्या विद्यापीठात संशोधन करायचा. मोटारीमागे जोडून न्यायची एक लहानशी कॅम्पर गाडी त्याने हौसेने घेतली. दोन बाक, एक सिंक, न्हाणीघराच्या नावाने एक कोपरा आणि पाण्याची टाकी, बाहुलीचा संसारच म्हणा ना! घेतली ती कुदो-सानकडून, आणि ती उभीही राहायची त्यांच्याच अंगणात. नवरा गेल्यावर त्यांना एकटीला गाडी ओढणं जमेना. साठी उलटलेली बाई, पण पाठ ताठ, अंगणात पडलेलं पान दिसायचं नाही. आणि हाक कशी मारायच्या? "हेमू-सान!"

शैलजाने लग्न झाल्यापासून उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आणि ही खुशाल हेमू-सान!

तर सेंदाईची थंडी अशी, की पाइपात पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि पाइप फाडतो. म्हणून हिवाळ्याआधी गाडीचं सगळं पाणी काढायचं. काम दोघांचं. एकाने बाहेरून सायकलच्या पंपाने हवा मारायची, दुसऱ्याने आत एकेक नळ उघडायचा. दरवर्षी आत असायच्या कुदो-सान.

"यंदा आत मी बसणार," शैलजाने जाहीर केलं.

"अगं, त्यांना सवय आहे. गाडी त्यांचीच होती."

"गाडी त्यांची होती. नवरा माझा आहे."

रविवारी सकाळी दोघं कामाला लागली. कुदो-सानांनी गुलाबी औषधाची बाटली आणून दिली, कमरेत वाकल्या आणि गुमान घरात गेल्या. त्यांचं ते गुमान जाणंही शैलजाला टोचलं.

टाकी रिकामी झाली, गरम पाण्याचा बंबही झाला. हेमचंद्र पंप मारू लागला.

"संपलं का गं?"

"नळ थुंकतोय अजून!"

"आता?"

"आता नुसता फुसफुसतोय, तुमच्यासारखा!"

शेवटी हेमचंद्रने सिंकमध्ये ते गुलाबी औषध ओतलं आणि उरलेली बाटली परत द्यायला गेला. शैलजाने पाहिलं तर सिंकभर गुलाबी ओघळ. उद्या ती बाई आत डोकावली तर काय म्हणेल? इंडियाच्या बाईला साधं सिंक घासता येत नाही? चहासाठी थर्मासमध्ये आणलेलं गरम पाणी तिने भडाभड ओतलं, घासून घासून सिंक आरशासारखं केलं आणि समाधानाने दार ओढून घेतलं.

संध्याकाळी जेवताना हेमचंद्र खुशीत होता. "छान झालं काम. सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी थोडं राहतंच, ते हवेने जात नाही. म्हणून तिथे ते औषध भरून ठेवायचं. ते गोठत नाही."

शैलजाचा घास हातातच राहिला. "आणि कुणी धुऊन टाकलं तर?"

"कोण धुणार? कुदो-सान तर त्याला बोटसुद्धा लावत नाहीत."

सांगायला उघडलेलं तिचं तोंड या वाक्याने मिटलं. फुटू दे! तिचीच होती ना ती गाडी? सवतीचा घडा फुटला तर आपल्याला कशाला सुतक? पण लगेच दुसरा विचार आला. गावभर म्हणतील, कुदो-सान बसायच्या तेव्हा काही झालं नाही, शैलजा बसली आणि पाइप फुटला. आणि ती बाई? ती काहीच म्हणणार नाही. नुसती वाकेल. तेच तर सहन होणार नव्हतं.

"कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातून दूध आणते," म्हणून ती उठली. दूध घरात भरपूर होतं.

कुदो-सानांच्या ओसरीत वाळायला टांगलेल्या पर्सिमनच्या माळा, एकेक फळ मोजून मापून बांधल्यासारखं. शैलजाच्या पोटात तेवढ्यातही एक कळ येऊन गेली. मोडक्यातोडक्या जपानीत ती म्हणाली, "गुलाबी... सिंक... मी... सगळं धुतलं."

कुदो-सानांनी बाटली आणि बॅटरी घेतली, चपला सरकवल्या. गाडीपाशी आल्यावर मात्र आत शिरल्या नाहीत. पायरीवरून बॅटरी धरली आणि बाटली शैलजाच्या हातात दिली. शैलजाने औषध ओतलं. गुलाबी ओघळ पुन्हा उमटले. तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते पदराला पुसले आणि दार ओढलं.

"हेमू-सानला नाइशो," कुदो-सान ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या. नाइशो म्हणजे गुपित, एवढं शैलजाला कळत होतं.

सकाळी अंगणात बर्फाची साय धरली होती. हेमचंद्र गाडी बघायला गेला, शैलजा मागोमाग. कुदो-सान झाडत होत्या.

"यंदा आतलं सगळं हिनेच केलं हं!" तो छाती फुगवून म्हणाला.

कुदो-सानांची पापणीसुद्धा लवली नाही. "हो तर! पहिल्याच खेपेला एकही चूक नाही. आता दरवर्षी ओकुसाननीच बसावं."

ओकुसान म्हणजे घरच्या बाईसाहेब! शैलजाही वाकली, हसली. दरवर्षीचा मान तिचा झाला होता, जे हवं ते मिळालं होतं. आणि तरी पोटात ती जुनी कळ आलीच. मेली खोटंसुद्धा किती नीटनेटकं बोलते!