मोटरीची काळजी

आमच्या बोअरची मोटर बसवायला जिंतूरहून एक मिस्त्री आला होता. केबलचा जोड झाला तसा त्यानं खिशातून सरकारी दवाखान्यातला फुकटचा कंडोम काढला. टोक कापून जोडावर चढवला आणि वरून टेप गुंडाळली. शेजारच्या बायका बघत होत्या, पण गडी लाजला नाही.

“जोड वरून लय चांगला दिसतोय सर, पण भरोसा धरायचा न्हाई. थेंबभर पाणी आत गेलं की मोटर खलास.”

मग पुण्याकडच्या कामांच्या गप्पा निघाल्या. तिकडं आपल्या ओळखीच्या बायका किती, हे तो डोळा मारून सांगू लागला.

“तिथं वापरता का हे?” मी विचारलं.

आता मात्र लाजला. “काहीबी काय सर! तोंड बघितलं की कळतंय मला, बिमार हाय का न्हाई.”

“एचआयव्ही तोंडावर दिसत नसतो,” मी म्हणालो.

“तुमी शिकलेली माणसं लय भिता,” म्हणत तो हसला. तेवढ्यात बायकोचा फोन आला. “निघालोच,” म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

माझी मोटर अजून ठणठणीत आहे. त्याच्या बायकोचं मला माहीत नाही.