लाभाचं माप

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चाले. महायुद्धामुळे विलायती काडतुसं बाजारातून नाहीशी झाली होती, म्हणून शिकारीचे शौकीन रिकाम्या पितळी काडतुसांत घरीच पुन्हा दारू भरत. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते द्यावं लागलं.

मी फौजदार असलेल्या ठाण्यात एका गावचा कोतवाल खबर घेऊन आला. त्यांचे पाटील रानडुकरावर नेम धरून बसले होते आणि रायफल त्यांच्या गालापाशीच फुटली. उजवा डोळा गेला. दवाखान्यातल्या जबाबात पाटलांनी धामणगाव बढ्याच्या एका मुसलमान बंदूक-कारागिराकडे बोट दाखवलं. दारू त्याची, ती मोजायचं मापही त्याचंच. शिवाय भर बाजारात दोघांची बाचाबाची झालेली, आणि तेव्हा कारागीर बोलून गेला होता, "दारूशी मस्ती करू नका पाटील, एक दिवस डोळा जाईन." ऐकणारे पन्नास. मी त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली अटक केली.

कोठडीत तो एकच गोष्ट सांगत राहिला. "साब, मी धमकी नाई देल्ली, समजावलं. एका काडतुसाले दोन मापं, हे बी सांगतलं. गुन्हा लागला तं माझ्या लेकरायले कोन पोसन?"

खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवीन जोडतो. हा काहीच जोडत नव्हता. मी बुलढाण्याहून काडतुसांचा जाणकार बोलावला आणि पंचांसमक्ष मुद्देमाल तपासला. दारू ठीक, माप ठीक. पण उरलेल्या प्रत्येक काडतुसात दोनाऐवजी तीन मापं निघाली. एकातच जास्त असती तर तो डाव म्हटला असता. सगळ्यांत सारखीच जास्त, म्हणजे ही भरणाऱ्याच्या हाताची सवय होती.

भरणारा होता पाटलांचा जुना सालदार. पाटील तर शपथेवर सांगत होते, "भरताना मी शेजारी होतो. एक, दोन, असं माह्या कानानं आयकलं."

सालदाराला ठाण्यात बोलावलं. बिचारा इतका घाबरलेला की टोपी हातातच धरून उभा. मी त्याच्यापुढे ते माप आणि दारूऐवजी खसखस ठेवली, म्हणालो, "भरत होतास तसं भरून दाखव."

त्याने पहिलं माप टाकलं. "लाभ." दुसरं. "एक." तिसरं. "दोन."

हवालदार माझ्याकडे बघू लागला. बाजारात मापारी धान्य मोजताना 'एक' म्हणत नाही, त्याऐवजी 'लाभ' म्हणतो आणि पुढे लगेच 'दोन'. मी विचारलं, "लाभ मोजला नाहीस?"

"नाई जी. आमच्या पाटलाच्या खळ्यावर लाभाचं माप देवाचं असते. एक त्याच्यानंतर."

दवाखान्यात जाऊन मी पाटलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लाभ तं मोजत नसतेत, साहेब. म्या लहानपनापासून तसंच आयकलं." ऐकूनही तो शब्द त्यांच्या मनापर्यंत पोचला नव्हता.

गुन्हा टिकण्यासारखा नव्हता. तसा अहवाल गेला आणि कारागीर सुटला. तो आभार मानेल अशी माझी समजूत होती. तो म्हणाला, "तुमी सोडलं, साब. बाजारानं कुठं सोडलं?" त्याच्या दुकानात कोणी फिरकत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं, पण ते कोणत्या कलमात बसवणार?

ही गोष्ट मी पाटलांच्या कानावर घातली. पुढच्या बाजाराला ते डोळ्यावर पट्टी बांधून आले आणि माणसांची गर्दी असताना त्याच्या दुकानासमोर उभे राहून म्हणाले, "मियाँ, चूक माह्या घरची होती." कारागिराने आतून स्टूल आणून पाटलांपुढे ठेवलं.

त्यानंतर साक्षीदाराला 'किती?' विचारून मी थांबलो नाही, 'मोजून दाखव' म्हणत आलो. आणि निर्दोष माणसाला कोठडीचं दार उघडून दिलं की आपलं काम संपलं, असंही पुन्हा कधी मानलं नाही.