भर एप्रिलमध्ये हीटर

लिहायला बसलोय खरा, पण आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आजवर मी जे काही लिहिलं ते कॉलेजचं जर्नल, नाहीतर अर्ज. गॅसचा अर्ज, रेशन कार्डाचा अर्ज, शेजारच्या मुलीच्या दाखल्याचा अर्ज. त्यापलीकडे लिहायचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही. ही माफी मी मनापासून मागतो. दुसरी एक माफी मला लिहायला सांगितली होती, ती मात्र मी लिहिली नाही. तेवढंच सांगायचं आहे.

आण्णा, म्हणजे माझे वडील, एका ट्रॅव्हल एजन्सीची सात सीटची गाडी चालवतात. निगडीतून कंपनीची माणसं घ्यायची, भोसरी-मोशीवरून चाकणला सोडायची, शिफ्ट सुटली की परत आणायची. त्या एप्रिलात दुपारच्या वेळी गाडी चाकणच्या चौकात अडकली आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. आण्णांनी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला.

"काका, डोकं ठिकाणावर आहे का? हीटर?" मागच्या मॅडम ओरडल्या.

"दोन मिनटं थांबा मॅडम, इंजिन तापायलंय."

"आणि आम्ही?"

"पापड असतील कुणाकडं तर काढा राव, भाजून होतील," शेवटच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आण्णापण हसले, असं त्यांनीच मला सांगितलं.

त्या आठवड्यात असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही, ॲपवर तक्रार गेली. एजन्सीच्या सुपरवायझरनं आण्णांना उभं करून विचारलं, "एसी बंद ठेवून डिझेल वाचवता, ते जातं कुठं?" बाकीचे ड्रायव्हर तिथंच होते. एकवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला सरळ चोर म्हटलं होतं. सोमवारी लेखी माफीनामा आणायचा, नाहीतर गाडीची चावी ठेवून घरी जायचं.

शनिवारी नेहमीसारखी गाडी घेऊन घरी आल्यावर आण्णांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला.

"लिही. मी मुद्दाम एसी बंद केला. पुन्हा असं व्हणार न्हाई."

"मुद्दाम केला का?"

"मी कशाला मुद्दाम करू? तू लिही. तुझं अक्षर चांगलंय."

"मग हीटर का लावला?"

"काटा खाली येतोय म्हणून. आमच्या उस्तादानं शिकवलंय."

"पण का खाली येतो?"

"ते मला काय विचारायलास? कॉलेजात मी जातो का तू?"

का येतो ते मला माहीत होतं. गाडीतला हीटर म्हणजे दुसरा, छोटा रेडिएटर. इंजिनातलं तापलेलं पाणी त्याच्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता आत फेकतो. आत बसलेली माणसं भाजतात, पण इंजिन वाचतं. आण्णांनी जे केलं ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. फक्त पुस्तक त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मला नाही म्हणता येत नाही. मित्रांनाही नाही, सरांनाही नाही. आण्णांना तर कधीच म्हटलं नव्हतं. पेन हातात घेऊन मी म्हणालो, "आण्णा, हे मी लिहिणार नाही."

"मग काय लिहिणार?"

"गाडीला काय झालंय ते."

रविवारी सकाळी दोन गल्ल्या पलीकडचे गॅरेजवाले चाचा आले. आण्णांची आणि त्यांची जुनी ओळख. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "थर्मोस्टॅट काढून टाकू. सगळे तेच करतात. काटा आपोआप खाली."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट करून देणारी झडप. आमच्याकडे गाडी तापली की ती काढून कोपऱ्यात फेकायची पद्धतच आहे.

"काही दिवस येईल खाली, चाचा," मी म्हणालो. "पण मग बिघाड नक्की कुठं होता ते कधीच दाखवता येणार नाही."

"घ्या! साहेब बोलले," चाचा हसले. पण गेले नाहीत.

इंजिन गार होतं, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाण्यात घालतात त्या द्रवाचा, हिरवा रंग कुठंच नव्हता, विटकरी पाणी होतं, आणि तोंडाशी पांढरा थर. चहा घेऊन आलेली आई वाकून म्हणाली, "हा तर आपल्या बादलीला धरतो तसलाच थर हाय." आमच्या खोलीत बोअरचं पाणी येतं. एजन्सीच्या यार्डातही बोअरच आहे, आणि तिथं सगळ्या गाड्यांत एकाच कॅनमधून तेच पाणी ओततात.

मी म्हणालो, "हीटरमधून गरम हवा येते, म्हणजे पाणी फिरतंय. पंप ठीक आहे." चाचांनी मान हलवली. त्यांना हे ठाऊकच होतं, फक्त असं ओळीनं कुणी म्हणून दाखवलं नव्हतं. मग त्यांनी थर्मोस्टॅट काढला. मी आईकडे पातेलं मागितलं.

"चहाचं न्हाई मिळणार. हे घे, पोचा पडलेलं."

थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि गॅस लावला. आम्ही चौघं त्या पातेल्यात डोकावून उभे. पाण्याला उकळी फुटायच्या आधीच झडप हळूहळू उघडली, पूर्ण उघडली.

"फेकला असता तर बिचारा फुकट मेला असता," चाचा म्हणाले.

तो परत बसवला, आत नवं पाणी भरलं, गाडी चालू ठेवली. रेडिएटरचा पंखा फिरू लागेपर्यंत थांबलो. गाडी बंद केल्यावर चाचांनी माझा हात धरून वरच्या पाइपजवळ नेला. पाइपला बोट टेकवता येत नव्हतं. खालचा जेमतेम कोमट. "पंख्यापासून लांब, तो बंद गाडीतही फिरतो," असं दटावत त्यांनी मला रेडिएटर चाचपायला लावला. दोन्ही कडा तापलेल्या आणि मधला मोठा भाग गार. गरम पाणी तिथं पोचतच नव्हतं. आतल्या नळ्या क्षारानं बुजल्या होत्या.

मी एक पानभर तपासणी लिहिली. काय पाहिलं, काय ठीक निघालं, बिघाड कुठं आहे. शेवटी बोअरच्या पाण्याचं लिहिलं.

"ते नको लिहू," आण्णा म्हणाले.

"तेच तर कारण आहे."

"कारण कळतंय मला. कॅन कुणाचा हाय ते बी कळतंय."

मी पेन खाली ठेवलं. आण्णांनी कागद ओढून घेतला, बराच वेळ वाचला, आणि त्या ओळीला हात न लावता खाली सावकाश, अक्षर अक्षर करत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

सोमवारी मीही यार्डात गेलो. सुपरवायझरनं कागद पाहिला. "हे काय? मी माफीनामा मागितला होता, निबंध नाही."

"गाडीची तपासणी आहे साहेब."

"तू मेकॅनिक आहेस?"

"नाही. शिकतोय."

"मग शिक. चावी ठेवा हो तुम्ही."

आण्णांनी चावी टेबलावर ठेवली. मी आयुष्यात कुणा साहेबाला उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो, "साहेब, नवा ड्रायव्हर द्याल त्यालाही काटा चढला की हीटर लावायला सांगा. नाहीतर इंजिन जाईल, आणि त्याचा माफीनामा लिहायला मी असणार नाही."

त्यानंतर बारा दिवस आण्णा घरी होते. सकाळी सवयीनं उठायचे, दाढी करायचे, आणि बसून राहायचे. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. मला मात्र रोज वाटायचं, एका पानाची तर गोष्ट होती, माफी लिहून दिली असती तर? कॉलेजला जाताना त्या गाडीसारखी गाडी दिसली की मी मान फिरवायचो. तरी पुन्हा तोच कागद पुढं आला असता, तर पुन्हा तेच केलं असतं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

तेराव्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना फोन थरथरला. सरांना विचारून बाहेर आलो. आण्णा होते.

"साहेबाचा फोन आलता. नव्या ड्रायव्हरकडं दोनदा गाडी उकळली म्हणं. रेडिएटर खोलून बघितला त्यांनी. निम्म्या नळ्या बंद."

"मग?"

"मग काय, उद्यापासून या म्हणाले. कागद-बिगद काही नको. ही गाडी नको असंल तर दुसरी देतो म्हणाले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलो, देत असाल तर तीच द्या. आन् त्या दिवशी जे जे ड्रायव्हर उभे होते, त्यांच्यापुढंच चावी द्या. हो म्हणालेत."