बाबलची दोन बोटं

मासळी खारवण्याच्या सरकारी आवारात माणूस राहिला की त्याला दोन गोष्टी चिकटतात. एक वास आणि दुसरे किस्से. वास सुट्टीच्या दिवशी घासून अंघोळ केली की जरा हलतो. किस्से मात्र साठतच जातात! त्यात मला रोज रात्री जेवणाआधी चार ओळी लिहायची खोड. माझ्या वह्यांत वाऱ्याची दिशा आहे, कुठली होडी कधी लागली ते आहे, आणि मधूनमधून मांजरं घुसली आहेत. ती बाहेर काढायची म्हटली तर वहीत नुसता वाराच उरेल.

आमचं आवार मालवणच्या किनाऱ्यावर. बाया बांगडे-तारल्या चिरायच्या, सरकारी मीठ लावायच्या, चटयांवर वाळवायच्या. मी तिथला कारकून. आणि बाबल पहारेकरी, चाळिशीचा, तोही हंगामी. पावसाळ्यात आवार बंद झालं की बाबल घरी. पाऊस सरला की पुन्हा अर्ज. अशी नऊ वर्षं! मुंबईच्या गिरणीत मेव्हण्याने त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. यंदा कायम झाला नाही तर शिमग्यानंतर बोट पकडायची, असं घरात ठरलेलं.

"माका मुंबयक जावचा नाय," बाबल म्हणायचा. "थंय समुद्र आसा, पण तो माका वळखणा नाय!"

*

बाबलची बोटं आम्हाला कळली ती एका बोक्यामुळे. बोका एवढा थोरला की बाया त्याला होडीवरच्या म्होरक्याचं नाव देऊन 'तांडेल' म्हणायच्या. एके दिवशी तो अख्खा बांगडा तोंडात धरून वजनाच्या काट्यावर चढला आणि गुरगुरायला लागला. तीन झाडू, एक वल्हं आणि आमच्या साहेबांची छत्री, सगळं चालवून झालं. तांडेल हलेना.

बाबल आला. त्याने मागून दोन बोटांनी बोक्याच्या मानेवरची सैल कातडी अलगद चिमटीत धरली. बोक्याचे पाय आपोआप दुमडले. शेपटी पोटाशी गेली, डोळे अर्धे मिटले, आणि बांगडा तोंडातून गळून पडला!

"काय केलंस रे?" फिलोमिनाबाईने विचारलं. ही आमच्या आवारातली सगळ्यात जुनी खारवणारी. तिच्या कोयत्यापेक्षा तिची जीभ धारदार.

"काय नाय," बाबल म्हणाला. "तेका तेची आवस आठवली. पिलाक ती अशीच मानेर धरता."

*

आमचे साहेब देशावरचे. मासळी तोंडात घालत नसत, नाकातही जाऊ नये म्हणून रुमाल धरत. अशा माणसाला सरकारने मासळीच्या आवारावर का नेमलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही बदली मिळाली असती.

बोक्याची गोष्ट ऐकून साहेब म्हणाले, "यात काय शास्त्र आहे? मी करून दाखवतो!" आणि त्यांनी तांडेलची मान अशी पकडली, जशी पोलीस चोराची कॉलर पकडतो. पुढचा प्रकार अर्ध्या मिनिटाचाच होता. साहेबांच्या मनगटावर चार लाल रेघा उमटल्या.

"सायबानू, तां धरूचा, आवळूचा नाय," बाबलने समजावलं. "आणि धरल्यार शंभर मोजीपर्यंतच. मगे तेचा तेका सोडूक होया."

"आणि नाही सोडलं तर?"

बाबलने नुसतं साहेबांच्या मनगटाकडे बघितलं.

फिलोमिनाबाई बायांना म्हणाली, "सायब रोज सगळ्यांच्या कागदार सही करतत. आज सायबांवर कोणीतरी सही केल्यान गो!"

*

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वरून येणाऱ्या कागदांवर 'मुंबई राज्य' छापलेलं असायचं आणि त्यावर रेघ मारून नवा शिक्का. तसा एक कागद रत्नागिरीहून आला. 'आपल्या आवारात मांजरे आढळतात अशी तक्रार आहे. कारणे कळवावीत.'

साहेबांनी मला उत्तर लिहायला सांगितलं. मी सरळ माणूस. लिहिलं, 'आवारात मासळी असल्याकारणाने मांजरे आढळतात.'

पंधरा दिवसांत उलट टपाली कागद आला. 'आवारात मासळी कोणाच्या परवानगीने ठेवण्यात आली, याचा खुलासा करावा!'

खुलासा करायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत तांडेल दुप्पट झाला.

*

शेवटी हुकूम आला, की मांजरांची अन्यत्र व्यवस्था करावी. बाबलने सात मांजरं धरली. एकेकाची मान चिमटीत, दुसरा हात पोटाखाली, आणि अलगद टोपलीत. एकाचाही आवाज नाही! होडीने नेऊन तोंडवलीच्या वाळूत सोडली. मी वहीत लिहिलं, 'सात मांजरे रवाना.'

चौथ्या दिवशी तोंडवलीची होडी मासळी घेऊन आमच्याकडे लागली. पुढच्या टोकाला, नाळेवर, तांडेल बसलेला, मागे बाकीची मांजरं. मी मोजली. पुन्हा मोजली. आठ!

आठवी एक नाजूक पांढरी मांजरी होती. होडीतून उतरायला लाजत होती.

"बघा," फिलोमिनाबाई म्हणाली, "सरकारी खर्चान गेलो आणि सून घेवन इलो!"

साहेबांनी मला विचारलं, "आता वर काय कळवायचं?" मी म्हटलं, "सात पाठवली, हे खरंच आहे. पुढचं त्यांनी विचारलेलं नाही."

*

बाबलचं नाव गावात पसरलं. एक दिवस एक बाई आवाराच्या फाटकाशी आली. नवरा पिऊन घरात धिंगाणा घालतो म्हणाली. "बाबल, माज्या घोवाची मान एकदा धरशील रे?"

बाबलने विचार केला. "गो बाय, मोठ्या मांजराक नुसता मानेर उचलूचा नसता. पोटाखाली हात देवचो लागता. तुज्या घोवाच्या पोटाक पुरात एवडो हात माज्याकडे नाय!"

बाई हसत परत गेली. नवरा मात्र त्यानंतर बाबल दिसला की शर्टाची कॉलर वर करून चालायचा.

*

आणि मग पाहणीचा दिवस आला. रत्नागिरीहून मोठे साहेब येणार होते. बाबलला कायम केल्याचा हुकूम तयार होता, तो ते स्वतः हातात देणार होते. पण सोबत निरोप होता. आवारात एकही मांजर दिसलं तर पहारेकरी कामाचा नाही असं समजून हुकूम परत नेण्यात येईल!

मेव्हण्याचं पत्रही त्याच आठवड्यात आलं होतं. जागा फार दिवस थांबणार नाही म्हणून.

सकाळीच बाबलने सहा मांजरं धरून फिलोमिनाबाईच्या घरात नेली. ती दाराला कडी घालून आली. राहिली दोन, तांडेल आणि त्याची तोंडवलीची बायको. सगळं आवार पालथं घातलं, दोघांचा पत्ता नाही. तोवर जीप आलीच.

मोठे साहेब उंच, आवाज घोगरा. चटया बघितल्या, काटा बघितला, मिठाची कोठी बघितली. कोठीबाहेर मिठाच्या गोणींची कमरेइतकी थप्पी होती, तिच्यापुढे बाबल ताठ उभा. साहेब पाठमोरे वळले तेवढ्यात थप्पीमागून आधी तांडेल वर आला, मग ती पांढरी. दोघं बाबलच्या पाठीशी गोणीवर बसली आणि समोरच्या बांगड्यांकडे बघू लागली.

बाबलने मागे न बघता दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी कडेला उभा होतो, मला सगळं दिसत होतं. उजव्या चिमटीत तांडेल, डाव्या चिमटीत सून. दोघांचे पाय दुमडलेले, डोळे अर्धे मिटलेले. मी मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन...

मोठे साहेब वळले. "मांजर आहे का एखादं?"

"एकही नाही, साहेब!" आमचे साहेब म्हणाले. ते प्रामाणिकपणेच म्हणाले, त्यांना दिसलं नव्हतं.

मग मोठ्या साहेबांनी स्वच्छतेवर भाषण सुरू केलं. माझे चाळीस झाले. त्यांनी राष्ट्रउभारणी घेतली. साठ झाले. फिलोमिनाबाईने दोनदा छातीवर क्रूसाची खूण केली. ऐंशीला साहेबांनी खिशातून लिफाफा काढला आणि बाबलसमोर धरला.

"नऊ वर्षं सेवा केलीत. घ्या तुमचा हुकूम!"

बाबल हलला नाही.

"घ्या की हो. नको आहे का?"

नव्वद. तांडेलची शेपटी हळूहळू सरळ व्हायला लागली होती. बाबलने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदा समुद्राकडे. मग अंग न हलवता त्याने नुसती मान वाकवून पुढे केली आणि लिफाफ्याचा कोपरा अलगद दातांत धरला.

मोठ्या साहेबांचे डोळे पाणावले. "इतकी नम्रता!" ते आमच्या साहेबांना म्हणाले. "सरकारी कागदाला मासळीचा हात लागू देत नाही हा माणूस!"

आणि त्यांनी भारावून बाबलच्या वाकलेल्या मानेवर मागच्या बाजूने हात ठेवला.

बाबलचे डोळे अर्धे मिटले.