वायर माझी हाय

दत्ता, भावा, अजिंठ्याच्या फाट्यावर तू माझी ट्रंक एसटीत चढवलीस, तेव्हा बाबा खिडकीखाली उभं राहून एवढंच बोलले, "शहरात कुणाच्या दारात उगं उभी राहू नको." आई तोंड फिरवून उभी होती. गाडी सुटली तरी तिनं वळून पाहिलं नाही. शिक्षण झालं की परत येईन, असंच मी धरून चालले होते.

आता माझं कामच लोकांच्या दारात उभं राहण्याचं झालंय. चिकलठाण्याच्या भाड्याच्या खोलीतून निघते आणि घरमालक ज्यांना बाहेर काढायला बसलेत, अशा भाडेकरूंसाठी दिवसभर फिरते. मोफत वकील, वीज ऑफिस, दवाखाना, शाळा, सगळं शहरात आहे. पण अडलेल्या माणसाला एकाच वेळी सगळीकडं पळता येत नाही. ते पळणं आमचा छोटा गट करतो.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी जहिराआपांचा फोन आला. क्रांती चौकाच्या मागं एका गल्लीत त्या शिवणकाम करतात, तेव्हा म्हातारे सासरे सोबत होते. जुना मालक वारला, त्याच्या मुलानं जागा विकायला काढली. आपा हटेनात, म्हणून त्यानं वीज तोडली. सासरे घरातच ऑक्सिजनच्या मशीनवर.

"ताई, अब्बांचा दम लई चढलाय. मशीन कशावर लावू?"

मी ॲम्ब्युलन्स बोलावली, वकील मॅडमना कोर्टात पिटाळलं आणि रिक्षानं गल्लीत पोचले. शेजारच्या देशमुखकाकूंनी तोवर आपल्या खिडकीतून वायर टाकून मशीन सुरू केलं होतं. मालकाचा मुलगा त्यांच्यावर ओरडत होता, "तुमचा काय संबंध?" काकू खिडकीतच उभ्या राहिल्या.

"वायर माझी हाय," त्या म्हणाल्या. "काढणार नाय."

गाडी आली, अब्बांना दवाखान्यात हलवलं. पुढं कोर्टानं वीज जोडायला लावली आणि निकालापर्यंत घर खाली करवून घ्यायला मालकाला मनाई केली. ते सांगायला मी धावत वॉर्डात गेले. अब्बांनी मास्क बाजूला केला. "घर है ना?"

"है, अब्बा."

ते चालत घरी आलेच नाहीत. जनाजा तेवढा त्यांच्या स्वतःच्या दारातून निघाला. आम्ही एवढं धावलो, त्याचं हे फळ. ते कमी की जास्त, मला अजून ठरवता येत नाही.

खटला चालूच आहे. तारखेला मी आपांसोबत जाते. परवा त्यांनी विचारलं, "ताई, खिडकीला नवा पडदा शिवू का? की राहू देऊ?"

"शिवा," मी म्हणाले. घर राहील असा शब्द देणारी मी कोण, हे कळत असूनही.

तू फोनवर नेहमी विचारतोस, तुला घराची आठवण येत नाही का. येते रे. पण घर म्हटलं की आता मला गाव दिसत नाही, शहरही नाही. पडदा शिवावा की नाही, हे जिथं कुणालाच विचारावं लागत नाही, अशी एखादी खिडकी दिसते.