फाटकातल्या वळणावरचा आवाज

भिलाईच्या गॅरेजमध्ये मला सगळे 'कान' म्हणत. कारखाना उभा राहत होता, ट्रक आणि जीपगाड्या दिवसभर चिखलातून धावत, आणि त्यांचे मागचे आस, म्हणजे ॲक्सल, दर आठवड्याला बोंब मारत. अशी गाडी आली की आम्ही मागची सीट काढायचो. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने आसाच्या वर, पत्र्यावर बसून ऐकायचं. ऐकणारा मी. ओढ घेताना किंचाळली तर आसातल्या दातेरी चाकांचे, क्राउन-पिनियनचे दात, सारखी गुणगुणत राहिली तर बेअरिंग. मी सांगायचो आणि खोलल्यावर तेच निघायचं.

मग माझा साडू आला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत राबत होता, त्याला इथे आणला मीच, पाना धरायला शिकवलं मीच. वर्ष झालं नसेल, तर फोरमन म्हणायला लागला, "छोटे को बुलाओ, वो सुनेगा." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याचं मला सगळंच खुपायचं, त्याचं शीळ घालणंसुद्धा. वर तो "भाऊ, चहा घ्या" म्हणत पेला पुढे करायचा, म्हणजे भांडायचीही सोय नव्हती.

खरं दुखणं वेगळंच होतं. गॅरेजात येण्याआधी मी लोखंडी शेडच्या कामावर रिव्हेट ठोकत होतो, आणि त्या ठणठणाटाचा हिशेब आता कानांतून वसूल होत होता. बारीक आवाज गेलेच होते, आता मोठेही पुसट व्हायला लागले होते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

त्याच सुमारास बड्या साहेबांची गाडी आली, परदेशातून आणवलेली. ही गाडी निराळी होती. तिच्या मागच्या आसात एकाला एक चिकटलेल्या चकत्या होत्या. एक चाक चिखलात नुसतंच फिरायला लागलं तर त्या दुसऱ्या चाकालाही जोर देत. गाडी नवी आली तेव्हा आम्ही तिचं एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायला गेलो, ते काही केल्या फिरेना. जाम झालंय म्हणून आम्ही घाबरलो आणि फोरमन पोट धरून हसला होता.

आता हीच गाडी मागून घुरघुरत होती. फोरमनने सगळ्यांसमोर सांगितलं, साहेबांच्या गाड्यांसाठी वेगळी शेड होते आहे, जो हा आवाज पकडेल त्याच्याकडे ती शेड. मी हात पुसत पुढे झालो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "उस्ताद, तुम चलाओ. कान छोटा देगा."

ज्याला मी शिकवलं त्याचा ड्रायव्हर झालो! स्टिअरिंग असं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली. जामुलच्या रस्त्याला गाडी काढली, वेग वाढवला, ॲक्सिलरेटर सोडला, पुन्हा दाबला. साडू मागून म्हणाला, "काईच नाई, भाऊ." मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, बस आता तोंड घेऊन.

परत येऊन गॅरेजच्या फाटकात शिरताना मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि मागून तो ओरडला, "आला! भाऊ, हा घ्या, आला!"

मी आरशात पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. तळपायांना मात्र थरथर लागली, दळताना जात्याच्या खुंट्याला लागते तशी. मी ऐकू आल्यासारखी जोरात मान डोलावली.

गॅरेजच्या आवारातल्या कडुनिंबाभोवती गाडी हळूहळू गोल फिरवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्हीकडे थरथर. सरळ गेलो की बंद. म्हणजे दात नव्हेत, बेअरिंगही नव्हे. साडू म्हणाला, "चकत्या गेल्या असतील." फोरमन आस खोलायला निघाला. पण माझे कान गेले होते, डोकं शाबूत होतं. साहेबांच्या ड्रायव्हरला मी विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, दसऱ्यापासून.

खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडच्या पोरांनी पाने-हातोड्यांची पूजा केली, गाड्या धुतल्या, झेंडू बांधला, आणि सणाचं म्हणून एकूणएक गाडीला नवं तेल घातलं. साहेबांची गाडी तरी उपाशी का ठेवायची? तिलाही ट्रकच्याच ड्रममधलं पाजलं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, तेव्हा चकत्यांनी एकमेकींवरून सरकायला हवं; त्या तेलात त्या एकमेकींना धरून ठेवत होत्या.

ते तेल काढलं, गाडीबरोबर आलेल्या डब्यांतलं घातलं, आणि निंबाभोवती दोन्ही बाजूंनी बराच वेळ फिरवली. थरथर विरत गेली.

फोरमनने विचारलं, "किसने पकडा?" मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाला, "भाऊने. आवाज भी, इलाज भी. मैं तो बस बैठा था."

शेड मला मिळाली. रुआबांध्याच्या आमच्या वस्तीकडे पायी परतताना मी त्याच्यावर खेकसलो, "खोटं कावून बोललास? मले भीक घालून राहिला का?"

तो माझ्या उजव्या बाजूला आला. त्या कानाने मला थोडं बरं ऐकू येई, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणाला, "मी 'आला' म्हनलो तवा तुमी आरशात माह्या तोंडाकडे पाहून राहिले होते. तुमाले आयकू येत नाई हे मले लय दिवसांपासून ठाव आहे, भाऊ. फोरमनले समजलं तर कुठं जाल?"

पुढे कितीतरी वर्षं गाडी तपासताना मी पत्र्यावर बसायचो आणि तो शेजारी. आवाज येत राहील तोवर तो माझ्या गुडघ्यावर बोटाने टिचक्या मारायचा. टिचक्या सारख्या पडत राहिल्या की मी डोळे मिटून म्हणायचो, "बेअरिंग." लोक म्हणायचे, काय कान आहेत! साडू सगळ्यांत मोठ्याने हसून मान डोलवायचा. प्रत्येक टिचकीला मी आतून जळायचो, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याच बाजूला गुडघा करून बसायचो.